फोन आजींच्या हातात राहू द्या



माटुंगा लेबर कॅम्पातल्या एका मावशींनी रक्त तपासायला दिले. रिपोर्ट मोबाईलवर आला, तोही नातवाच्या. नातू कामावर. उपाशीपोटी साखर ३१२ आहे हे मावशींना तिसऱ्या दिवशी कळले. त्या माझ्यावरच चिडल्या, "दुखणं माझं, अन् सगळ्यात शेवटी कळतं मलाच?"

आपल्या घरातला संगणक म्हणजे हाच स्मार्टफोन. म्हातारपणी काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांना मी अण्णा भाऊ साठ्यांची आठवण देते. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस आपल्याच कॅम्पात लिहिता झाला. इथल्या डासांवरही त्यांनी गाणे रचले. अमेरिकेत डलासमध्ये साठीपुढच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी आणि संगणकावर फोटो सुधारणे शिकवले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मात्र ते आठवड्याला पंधरा तास शिकत होते, नुसते व्हिडिओ बघत नव्हते.

शिकवण्याआधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असला की माणूस "मला जमत नाही" म्हणतो. खरे तर त्याला दिसत नसते. सेटिंगमध्ये अक्षर मोठे करा. वयाने बोटे कोरडी पडतात, मग स्क्रीन स्पर्श ओळखत नाही; ओल्या फडक्याला बोट पुसून बघा. साखरेमुळे बोटे बधिर असतील किंवा हात थरथरत असेल तर फोन टेबलावर ठेवून वापरू द्या. वाचता येत नसेल तर माईकचे चिन्ह दाखवा, मराठीत बोलले तरी चालते. दिवसाला वीस मिनिटे, एका वेळी एकच गोष्ट. आणि "दे इकडे, मी करतो" हे वाक्य घरात नको.

पीएफ पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे बघा. 'जीवन प्रमाण' २०१४ पासून आहे, पण जन्मभर झाडू-फावडे धरलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर अंगठा उमटत नाही. त्यात त्यांचा काय दोष? मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही हा दाखला निघतो. सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचे आयुष्मान वय वंदना कार्डही मोबाईलवरून काढता येते, उत्पन्नाची अट नाही.

भीती फसवणुकीची असते, आणि ती खरी आहे. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन लावा. त्या वेळी घरच्यांनी आजी-आजोबांवर ओरडू नये. ओरडा बसेल या भीतीने ते लपवतात आणि हाती असलेला वेळ निघून जातो.

त्या मावशी आता स्वतःचा रिपोर्ट स्वतः उघडतात. आकडा वाढलेला दिसला की मला फोन करतात, रात्री अकरा वाजलेले असले तरी!

रविवारी वंदनेनंतर विहारात बसू या. चष्मा, फोन आणि चार्जर आणा. नातवंडांनाही आणा, पण फोनला हात आजींचाच लागेल.