बाज हलते की काळीज?

प्रश्न : माझी आई सत्तरी ओलांडलेली. डाव्या कुशीवर पडली की थोड्या वेळाने दचकून उठते आणि म्हणते, “बाज हालायली बघ.” 1993च्या भूकंपात आमचं घर पडलं, तेव्हापासून हे अधूनमधून चालू आहे. घरात दुसऱ्या कुणालाच काही जाणवत नाही. मनाचा भास समजायचा का?
— एक वाचक, लोहारा तालुका

उत्तर : भास म्हणून सोडून देऊ नका. बाज खरोखरच हलत असण्याची दाट शक्यता आहे. मात्र ती हलवते जमीन नव्हे, आईंचं स्वतःचं हृदय.

प्रत्येक ठोक्याला हृदय साधारण 70 मिलिलिटर रक्त जोराने महारोहिणीत ढकलतं. बंदुकीचा बार उडाला की दस्ता मागे खांद्यावर बसतो, तसा या ढकलण्याचा उलटा हिसका सबंध शरीराला बसतो. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या आयझॅक स्टार या डॉक्टरांनी छताला तारांनी टांगलेल्या फळीवर माणसं झोपवली आणि फळीच्या हालचालीवरून हृदयाचं काम मोजलं. काट्याच्या जुन्या वजनयंत्रावर श्वास रोखून स्थिर उभे राहा, काटा नाडीच्या तालात थरथरताना दिसेल. सैल झालेल्या बाजेवर हा हिसका जास्त कळतो. त्यात डावी कूस! हृदयाचं टोक पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत छातीच्या भिंतीला आतून धडकत असतं. त्या कुशीवर ते आणखी जवळ येतं.

मग इतरांना का जाणवत नाही? एक तर ज्याचा ठोका त्यालाच कळणार. शिवाय ही जाण माणसामाणसात फार वेगळी असते. 1981 मध्ये राइनर शँड्री या जर्मन मानसशास्त्रज्ञाने लोकांना नाडीला हात न लावता आपले ठोके मोजायला सांगितले. कुणी जवळजवळ बरोबर मोजले, तर कुणी पार चुकले. एरवी मेंदू हे ठोके बाजूला सारतो, नाहीतर आपल्याला दुसरं काही सुचलंच नसतं.

तुमच्या आईंचा मेंदू ते बाजूला सारत नाही, आणि त्याला कारण आहे. 30 सप्टेंबरच्या त्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेली किल्लारी, सास्तूरची माणसं चार वाजायच्या सुमारास ढिगाऱ्याखाली गेली. त्यातून वाचलेल्या माणसाचं शरीर अंथरुणावरची बारीकशी हालचालही धोका म्हणून टिपतं. दचकलं की ठोका जोरात पडतो, हिसका वाढतो आणि भीती आणखी पक्की होते. जपानमध्येही 2011च्या भूकंपानंतर जमीन शांत असताना हलल्यासारखं अनेकांना वाटत होतं. तेव्हा आईंना “काही नाही, झोप” म्हणू नका. इतकी वर्षं त्या खरंच सांगत आल्या आहेत.

पुढच्या वेळी त्यांची तीन बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवायला लावा. बाजेचा हेलकावा आणि नाडी एकाच तालात असतील तर तो ठोकाच. सोबत टांगलेला बल्ब आणि तांब्यातलं पाणी बघा. धरणी हलली तर तेही हलतील. बाज भिंतीपासून सरकवून पट्ट्या आवळून घ्या आणि उजव्या कुशीवर झोपवून पाहा.

एक तपासणी मात्र टाळू नका. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी ठोके जोरात जाणवतात. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघून घ्या, थायरॉइडबद्दलही विचारा. ठोके अनियमित पडत असतील, चक्कर किंवा धाप येत असेल, तर ईसीजी काढायला उशीर नको. छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.