हॅलोविनचा भोपळा कुणाच्या घरचा?

प्रश्न : आमच्या संकुलात ३१ ऑक्टोबरला मुलांसाठी हॅलोविन ठेवलंय. लेकीला ‘पानगळीची कलाकुसर’ करून न्यायची आहे आणि एक भोपळाही कोरायचा आहे. सासूबाई म्हणतात, सणासुदीला भुताचं तोंड घरात नको. वसईत एवढी चर्च, म्हणून शेजारच्या ख्रिस्ती काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आमच्यात हे नसतं गं.” मग हा सण आहे तरी कुणाचा? (एक वाचक, विरार पश्चिम)

उत्तर : काकू बरोबर आहेत. चर्च आहे तिथे हॅलोविन असणारच, हा हिशेब सोपा वाटतो, पण वसईत तो चुकतो. का, ते पाहू.

नाव मात्र ख्रिस्तीच आहे. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे संत आणि शेवटचा ‘ईन’ म्हणजे आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. पश्चिम युरोपात नवव्या शतकात तो या तारखेला रुळला, आणि त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याची प्रथा फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांच्यापासून सुरू झाली असं मानतात. या सगळ्यात भूत कुठेच नाही.

भुतं आली आयर्लंड-स्कॉटलंडकडून. तिथे याच सुमारास सुगी संपायची, दिवस झरझर लहान व्हायचे आणि या रात्री मेलेले लोक फिरतात असा समज होता. त्यांना पळवायला लोक सलगम पोखरून, त्यावर भेसूर तोंड कोरून आत दिवा ठेवत. सलगमच, भोपळा नव्हे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेत गेली. तिथे त्यांना आयता भोपळा मिळाला, आकाराने मोठा आणि कोरायला कितीतरी सोपा. दारोदार खाऊ मागत फिरण्याची आजची रीत त्याहूनही अलीकडची, विसाव्या शतकातली. आपल्याकडे ती सिनेमे, मॉल आणि इंग्रजी शाळांच्या वाटेने आली.

आता वसईचा हिशेब मांडा. इथे पोर्तुगीज आले १५३४ साली, आणि चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला १७३९ मध्ये. वसईचा ख्रिस्ती धर्म त्या दोनशे वर्षांतला. संतांचा सण आणि मृतांचा दिवस तेव्हाच इथे आले. भोपळ्याचा कंदील त्यानंतर शंभरेक वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला जन्मला. काकूंच्या पणजीने तो पाहिलेला असणं शक्यच नाही.

२ नोव्हेंबरला संध्याकाळी वसईतल्या एखाद्या दफनभूमीवरून जाऊन बघा. सकाळीच कबरी धुऊन पुसून झालेल्या असतात. त्यांवर झेंडू-शेवंतीच्या माळा, आणि मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून तिच्याभोवती तळहाताचा आडोसा धरून बसलेली एखादी आजी. मिस्सा होते, फादर प्रार्थना म्हणत कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. दोन दिवस आधी कुणी सांगाड्याचा पोशाख घालून दार वाजवलं, तर या घरांतल्या माणसांना कसंनुसं होणारच. पितृपक्षात कुणी गंमत म्हणून भूत होऊन आपल्या दारात उभं राहिलं, तर आपल्यालाही आवडणार नाही. अनेक धर्मगुरूंचा आक्षेप भोपळ्याला नाहीच. संतांची संध्याकाळ भुतांनी बळकावली, हे त्यांना खुपतं. पॅरिसमध्ये तर २००२ मध्ये याच संध्याकाळी संतांचा सण साजरा करायचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे अशा उपक्रमांत मुलं संतांचे पोशाख घालू लागली.

सासूबाईंना मात्र एक गोष्ट हळूच सांगा. कोरलेला भोपळा म्हणजे भूत नव्हे, भुताला हाकलणारा राखणदार. नव्या बांधकामावर लटकवलेला राक्षसाचा मुखवटा, दारावर टांगलेला कोहळा, शेतातल्या बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याने काढलेले डोळे, या सगळ्यांमागे तोच विचार आहे : भीती घालणाऱ्याला आपणच भीती घालायची. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईने घालू नये, अशीही समजूत काही घरांत असते. कोहळा बळीच्या जागी फोडतात, तिथून ती आली असावी. सासूबाईंचा तो आग्रह असेल, तर सुरी त्यांच्या मुलाच्याच हातात द्या. घरकामात तेवढाच हातभार.

आणि लाल भोपळ्याला परका म्हणायचं, तर जरा जपून. तो मूळचा अमेरिका खंडातला हे खरं, पण सर्वपित्रीच्या पानातली भोपळ्याची भाजीही त्याच अमेरिकन वेलाची. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन परतणारी आपली म्हातारी ज्यात बसून वाघाला चकवते, तो लाल होता की दुधी, हे ज्याने त्याने ठरवावं.

खरी पंचाईत पानगळीची आहे. थंड देशांत हिवाळ्यापूर्वी झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते परत घेतात. मग आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस नुकताच गेलेला असतो, जमिनीत ओल असते, झाडाला पानं टाकायचं कारणच नसतं. आपली पानगळ येते थंडी ओसरताना. देशी बदामाची लालबुंद पानं वेचायची तर लेकीने तोवर थांबावं. पण म्हणून बाजारातून प्लॅस्टिकची मेपलची पानं आणू नका. आपला शरद ऋतू म्हणजे भातकापणी. लोंब्यांचं तोरण करा, पेंढ्याचं छोटं बुजगावणं बांधा, झेंडू ओवा. गेरू लावलेल्या पुठ्ठ्यावर तांदळाच्या पिठीने तारप्याभोवती नाचणारी माणसं काढा. वारली चित्रकला आपल्याच पालघर जिल्ह्यातली आहे.

काही वर्षी तर दिवाळी आणि हॅलोविन, दोन्हींची कामं एकाच पसाऱ्यात होतात. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. पहाटे पायाखाली कारिट फोडायचं आणि संध्याकाळी भोपळा पेटवायचा, असा योग. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन आणि संतांचा सण, तिसऱ्या दिवशी पाडवा आणि मृतांचा दिवस. बांबूच्या कामट्या, घोटीव कागद आणि खळ घेऊन आकाशकंदिलाला बसलेल्या मुलीला भोपळ्याचाही कंदील करावासा वाटला, तर त्यात धर्म बुडण्यासारखं मला काही दिसत नाही. करायलाच हवा असंही नाही. फक्त काकूंच्या दारी भुताचा वेश नेऊ नका. त्याऐवजी दोन तारखेला त्यांच्या घरी थोडी फुलं पाठवा.

कोरायचंच ठरलं तर भोपळा आदल्या दिवशी कोरा, त्याआधी नको. थंडीच्या देशात तो आठवडाभर टिकतो, पण आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. आपल्या भोपळ्याचा गरही जाड असतो, त्यामुळे भरपूर निघेल. तो टाकू नका. किसून, गूळ घालून शिजवा, त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाची पिठी आणि वेलची घालून घारगे तळा. ते डब्यात तीन-चार दिवस सहज राहतात.