दोन याद्यांची ओळवार तुलना

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या पोथ्या जतन केलेल्या आहेत. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या समोर ठेवून पाठभेद टिपावयाचे, तसेच जनरल रजिस्टरावरून संगणकात उतरविलेल्या दोन याद्याही ताडावयाच्या असतात.

सी भाषेतील आज्ञावली 'एफगेट्स'ने दोन्ही फायलींतून एकेक ओळ घेते व 'स्ट्रकम्प'ने ताडते. उत्तर शून्य आल्यास ओळी समान समजाव्यात. परंतु गोम पुढेच आहे. दुसऱ्या यादीत चौदावे नाव गळले, तर पहिलीतील चौदाव्या नावासमोर तिच्यातील पंधरावे येते आणि तेथून सर्वच ओळी भिन्न दिसतात. शिक्षक कंटाळून यादी तशीच पाठवितो व एक मूल पुस्तकवाटपास मुकते! यास्तव भेद दिसताच दोन्ही याद्यांतील पुढील काही ओळी पाहून जुळणारे नाव शोधावे आणि तेथून पुन्हा जोडी लावावी. १९७४ च्या युनिक्समधील 'डिफ' ही आज्ञावली दोहोंतील सर्वांत लांब समाईक क्रम काढून हेच साधते.

एक फाईल संपली म्हणून तुलना थांबवू नये. दुसरीतील उरलेल्या ओळीही छापाव्यात. ऊसतोडीहून परतून उशिरा दाखल झालेल्या मुलांची नावे तेथेच, अगदी शेवटी असतात.