डिस्टिलरीत नोकरी : घ्यावी का?

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर आहे. साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पात चिकटवावा का?

उत्तर : चिकटवा, पण नेमणूक कारखान्याची की ठेकेदाराची, हे आधी कागदावर पाहा. पगारातला खरा फरक तिथेच पडतो. साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी गाळप संपल्यावरही चालते, त्यामुळे काम निव्वळ हंगामी नसतं. धोरण मात्र लहरी : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि कारखान्यांचे हिशेब कोलमडले. म्हणून मुलाला नुसत्या पंप-व्हॉल्व्हच्या दुरुस्तीवर थांबू देऊ नका. बॉयलरवर अनुभव घेऊन त्याने बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा द्यावी. ते प्रमाणपत्र कापड गिरणीतही चालतं. स्पेंटवॉशचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, वास कपड्यांत मुरतो, तेवढं सांगून ठेवा.