जुनी होडी, जुनं मशीन

मालवण-देवबाग भागात वापरलेली फायबरची होडी आउटबोर्डसकट विकायला निघाली की बघे जमतातच. अशीच एक विकत घेऊन दुरुस्त करताना कळलेल्या या गोष्टी.

१. विकणारा आधी मशीन चालू करून दाखवतो. आपण होडीच्या मागच्या फळीकडे जावं, जिच्यावर मशीन टांगलेलं असतं. वरून फायबर दिसलं तरी आत बहुधा प्लायवूड असतं आणि बोल्टांच्या भोकांतून झिरपलेलं पाणी ते आतल्या आत कुजवतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावं. सुकं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. मग मशीनचा पाय धरून हलवावा आणि फळी लवते का ते पाहावं. शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलांनी एवढंच सांगितलं होतं, "मशीन मागसून बघ, आधी लाकूड बघ." मशीन भंगार निघालं तर दुसरं टांगता येतं. फळी कुजली असेल तर होडीची मागची बाजूच उघडावी लागते.

२. होडी वाळूवर ओढताना आकाराच्या मानाने फार जड वाटली, तर तळाखालच्या फोमने पाणी धरलेलं असू शकतं. तो उन्हात वाळेल या आशेवर राहू नये, काढूनच टाकावा.

३. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या झापांनी शाकारलेल्या, हातात वेळच वेळ. तरी फायबरचं काम तेव्हा काढू नये. दमट हवेत मॅट ओल धरते आणि रेझिन धड पकडत नाही. घासणं आणि रेझिनचे थर मेअखेर उरकावेत. पावसात पडवीत बसून मशीन खोलावं.

४. टू-स्ट्रोक मशीनची खरी प्रकृती कॉम्प्रेशन गेज सांगतो. सगळे प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि दोरी ओढावी. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत असला तर पुढे खर्च करायला हरकत नाही.

५. मशीनच्या अंगातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार ही त्याची नाडी. पायातला रबरी इंपेलर बाहेरचं पाणी ओढून वर पाठवतो, त्यावरच मशीन थंड राहतं. म्हणून मशीन कधीही कोरडं चालवू नये. काही सेकंदांतही रबर जळू शकतं. घरी चाचणी घ्यायची तर पाय गोड्या पाण्याच्या पिंपात, पंपाच्या वर पाणी येईल इतका बुडवावा. जुन्या मशीनचा इंपेलर न बघताच बदलावा, आणि काढलेल्याची पाती मोजावीत. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. तो शोधल्याशिवाय नवा बसवून उपयोग नाही. विकणारे हे सांगत नाहीत. बऱ्याचदा त्यांनाही ठाऊक नसतं.

६. गिअर ऑइल चहासारखं दुधाळ निघालं की पाणी आत शिरलंय. आधी पंखा काढून मागे तंगूस गुंडाळली गेलीय का बघा. आपल्या किनाऱ्यावर ती सगळीकडे तरंगते, आणि शाफ्टवरचं सील कापते. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावं. वरून ओतलं तर हवा अडकते.

७. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकायला जीव होत नाही, पण ते मशीनला पाजू नये. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओल शिरली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. कार्बोरेटर उघडून जेट साफ करावेत, जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकातलंच पाळावं. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली. काही जुनी मशीनं याच्या दुप्पट मागतात.

८. खाऱ्या पाण्याने धरलेल्या स्टीलच्या बोल्टवर ताकद लावू नये. तेल सोडावं, रात्रभर थांबावं, ऊब द्यावी. बोल्ट आत तुटला तर ड्रिल घेऊन बसावं लागतं.

९. पायावरचा जस्ताचा तुकडा गंजतो, म्हणून ॲल्युमिनियम वाचतं. तो निम्मा झिजला की बदला. छान दिसावा म्हणून रंगवणारे महाभाग मी पाहिलेत. रंगवला की तो कामातून गेला.

१०. पहिली चाचणी खाडीत, भरती लागत असताना घ्यावी. मशीन बंद पडलं तर भरती आत ढकलते. ओहोटी मुखातून थेट समुद्रात नेते. वल्हं, नांगर आणि लांब दोर होडीत असावाच, आणि मशीन बंद करायची लाल दोरी मनगटाला.