शाळा, मूल आणि शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ

वर्गात एखादा मुलगा तोंडी प्रश्नांची उत्तरे चटकन देतो. पण वही उघडताच त्याची गती खुंटते. काना-मात्रा गळतात, 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल होते, 'एकसष्ट' ऐकून तो १६ लिहितो. अशा मुलाला 'मठ्ठ' किंवा 'आळशी' ठरविणे सोपे असते. परंतु या एका शब्दाने त्याचे पुढील शिक्षणच संपुष्टात येण्याचा संभव असतो. म्हणूनच शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाच्या कार्याचा परिचय शिक्षक व पालक यांना असणे अगत्याचे आहे.

या शास्त्राचा उगमच शाळेच्या गरजेतून झाला. सर्वसाधारण वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना योग्य शिक्षण देता यावे, या हेतूने आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिस येथे बुद्धिमापन कसोटी तयार केली. या कसोटीचे मराठी व कानडी रूपांतर करण्याचे श्रेय व्ही. व्ही. कामत यांना जाते. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, तर पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करून मानसशास्त्राची सांगड प्रत्यक्ष शिक्षणाशी घातली.

मानसशास्त्रज्ञाचे काम म्हणजे केवळ बुद्ध्यंक काढणे नव्हे. मुलाची दृष्टी व श्रवणशक्ती प्रथम तपासून घेतली जाते. त्यानंतर पालकांशी व शिक्षकांशी बोलून घरची परिस्थिती, आजारपणे, घरची व शाळेची भाषा यांची माहिती घेतली जाते. मग बुद्धिमापन, वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्या होतात. बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन-लेखनात मूल बरेच मागे असेल आणि त्याला अन्य कारण नसेल, तर अध्ययन अक्षमतेचा विचार केला जातो. परभाषेतून शिकावे लागल्याने येणारी अडचण आणि अध्ययन अक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

निदानानंतरचे काम अधिक महत्त्वाचे होय. मुलाला पुढच्या बाकावर बसविणे, फळ्यावरील मजकूर उतरविण्यास जादा वेळ देणे, तोंडी उत्तरे स्वीकारणे, हे उपाय कोणत्याही शाळेला करता येण्याजोगे आहेत. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा अंतर्भाव झाला. सवलत ही मेहेरबानी नसून, चष्मा लावणाऱ्या मुलास मिळणाऱ्या चष्म्याप्रमाणेच तो त्याचा हक्क आहे.

शाळेबाहेरील बालसेवांमध्येही या तज्ज्ञाची गरज तितकीच तीव्र असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे बालगृहातील प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजना आखावयाची असते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असल्यास त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन होते. त्यासाठी बाल न्याय मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेऊ शकते. त्या मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा किंवा कसे, याचा निर्णय या मूल्यमापनावर अवलंबून असतो. एका अहवालाचे मोल किती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तथापि, मानसशास्त्रज्ञ वर्षातून काही तासच मुलास पाहतो; शिक्षक मात्र त्याला रोज पाहतो. त्यामुळे पहिली नोंद शिक्षकानेच करावयाची असते. मुलाच्या चुका वहीत तारखेनिशी टिपून ठेवाव्यात, पालकांना विश्वासात घ्यावे, आणि तपासणीचा अहवाल वर्गात चर्चेचा विषय होऊ देऊ नये. शिक्षा करण्यापूर्वी कारण शोधावे. बालकांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केलेली आहेच.

मूल शिकत नसेल, तर 'याला का येत नाही' असे विचारण्याऐवजी 'याला कसे येईल' असे विचारावयास आपण शिकलो, तर या शास्त्राचा निम्मा लाभ पदरात पडला असे म्हणता येईल.