घराची झडती व पंचनामा

दारांत पोलीस उभे राहिले म्हणजे भल्या शेतकऱ्याचीही गाळण उडते, व त्या घाईंत तो न वाचतांच कागदावर सही करितो. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत झडतीचे नियम स्पष्ट आहेत. वॉरंट असल्यास तें पाहावयास मागावें. तपासाच्या निकडीनें वॉरंटावांचूनही झडती होऊं शकते. मात्र अंमलदारानें कारणें लेखी नमूद करून नक्कल ४८ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटाकडे धाडिली पाहिजे. घरधन्यानें अर्ज केल्यास ती त्यास तेथून फुकट मिळते. दार अडवूं नये. अडविल्यास तें फोडण्याचा अधिकार कायद्यानें दिला आहे. झडतीच्या वेळीं घरधन्यास हजर राहतां येतें. गांवचे निदान दोन निःपक्षपाती पंच लागतात, व ध्वनिचित्रमुद्रणही आतां आवश्यक आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेंच घ्यावयाची. जप्त जिनसांच्या यादीवर पंचांच्या सह्या होतात; तिची नक्कल मागून घ्यावी.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस पंच म्हणून बोलावणें येतें. लेखी हुकूम मिळाल्यावर सबळ कारणावांचून नाकारणें हा गुन्हा आहे. परंतु झडती एकीकडे व सही चावडीवर, अशी चाल आम्हीं पाहिली आहे. अशी सही करूं नये. कोर्टाचें समन्स आल्यास त्याच कागदावर शपथेनें जबानी द्यावी लागते.